करंगळीएवढी जागा

मित्रांनो, लालबागच्या एका चाळीमागे, जिथे दिवसातून जेमतेम चाळीस मिनिटे ऊन येते, तिथे मी राहते. मी एक हळदवेल आहे. कोणी मला माधवीलता म्हणतात. मी वयाने जुनी आहे, पण अंगाने नवी आहे. हे कसे, ते पुढे कळेल. आज मला माझी गोष्ट जरा घाईने सांगायची आहे. घाईचे कारण शेवटी सांगेन.

माझ्या जातीच्या वेली कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या रानांत वाढतात. कोवळ्या असताना आम्ही दोरीसारख्या असतो आणि वय झाले की लाकूड होतो. मोठ्या झाडाच्या सावलीत जन्मायचे, त्याच्याच अंगावरून वर चढायचे आणि शेंड्यावरच्या उन्हात फुलायचे, असा आमचा क्रम आहे. आमचे फूल पांढरे, कडांना झालर असलेले. पाच पाकळ्यांतल्या एकीलाच पिवळा डाग असतो, हळदीचे बोट लागल्यासारखा. फळाला तीन पंख असतात. ते वाऱ्यावर भिरभिरत लांब जाते.

मी मात्र वाऱ्यावर आले नाही. मी सुभद्राकाकूंच्या पदराच्या गाठीत बसून आले.

सुभद्राकाकूंचे माहेर कणकवलीजवळ. त्यांच्या आईच्या परसात एक जुनी हळदवेल फणसावर चढलेली होती. पंधरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात काकूंनी तिची तीन फळे वेचली, पदराच्या टोकाला बांधली आणि मुंबईला येऊन तुपाच्या रिकाम्या डब्यात पेरली. दोन कुजली. तिसरी मी. त्यानंतर दोनच वर्षांत गावचा रस्ता रुंद झाला. परस त्यात गेले, फणस गेला आणि वेलही गेली. बातमी आली त्या दिवशी काकू माझ्या डब्याशी बसून राहिल्या होत्या. मी तेव्हा गुडघाभर होते.

"आवशीच्या परसातला आता ह्या एकच रवला," त्या म्हणाल्या. "ह्याका फूल आयला म्हणजे तो वास परत येतलो."

हे वाक्य लक्षात ठेवा. काकू माझ्याकडून एवढेच मागत होत्या, आणि ते कुठल्याही दुकानात मिळणारे नव्हते.

त्यांनी मला चाळीच्या मागच्या पट्टीत लावले. एका बाजूला चाळ आणि दुसऱ्या बाजूला बंद गिरणीची काळ्या दगडाची भिंत. मध्ये दहा-बारा फूट जागा. तिथे एक नळ, धुण्याचा दगड, काकूंचे अळू आणि आपोआप उगवलेले नेचे. जमीन कायम ओली असते. पलीकडच्या रस्त्यावर मसाला कुटणाऱ्या डंकांचा ठोका उन्हाळाभर चालतो, आणि त्या दिवसांत माझ्या पानांवर तिखटाची बारीक लाल धूळ बसते. तेव्हा दुपारी दोन तास ऊन यायचे. पुढे भिंतीपलीकडे काचेची इमारत उभी राहिली. ती एकेक मजला वाढली, तसे माझे ऊन एकेक घास कमी झाले. तळमजल्यावरच्या संघमित्राताईंनी घड्याळ लावून मोजले तेव्हा चाळीस मिनिटे भरली.

संघमित्राताई एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होत्या. आता निवृत्त आहेत. त्या फार कमी बोलतात, आणि बोललेले एकदाच बोलतात. त्यांचे वडील राजाराम याच भिंतीपलीकडच्या गिरणीत सूत कातायच्या खात्यात होते. काकूंचे यजमान दौलतकाका त्याच गिरणीत, पण साचेखात्यात. साचा म्हणजे कापड विणायचा माग. साचेखात्यात पगार जास्त होता. राजाराम भरती झाले त्या काळी त्यांच्या समाजाच्या माणसांना तिथे घेत नसत. मागावर आडवा धागा नेणारा जो धोटा, त्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि इतरांना त्याची शिवाशिव वाटे. हे मी ताईंच्या तोंडून ऐकलेले नाही. नळावर धुणे धुताना बायका बोलतात, ते ऐकले.

दौलतकाकांची गाठ मात्र मी रोज ऐकली. ती त्यांच्या बोलण्यात असायचीच. साच्यावर ताणलेला धागा तुटला की विणकराला तो चालत्या कामात जोडावा लागतो. गाठ मोठी झाली तर फणीत अडकते. सैल झाली तर सुटते. काकांची गाठ मोहरीएवढी होई आणि ओढली तेवढी घट्ट बसे. गिरणी बंद झाली, काका हिंदमाताला साड्यांच्या दुकानात घड्या घालायला लागले, तिथूनही निवृत्त झाले. पण गाठ बोटांत राहिली. पिशवी शिवताना, पंख्याचा दोर जोडताना, मला पावसाच्या पाईपाला बांधताना तीच गाठ.

सुरुवातीला ते मला सुताने बांधत. सूत दोन पावसाळ्यांत कुजून गळून पडे. तोवर मी स्वतःच पाईपाला विळखा घालून पुढे गेलेली असे. सुताचे हेच मला आवडायचे. काम झाले की ते निघून जाई.

मग एका मे महिन्यात मोठे वादळ झाले. रात्रभर पत्रे उडाले. सकाळी मी पाईपावरून सुटून अळूत आडवी पडले होते. काकू पायरीवर आल्या आणि तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या.

दौलतकाका खाली आले. हातात गणपतीच्या मंडपातून उरलेल्या नायलॉनच्या धाग्याचे रीळ होते. पांढरा, चकचकीत, मासे धरायच्या दोरासारखा. त्यांनी मला उभे केले, पाईपाला टेकवले आणि खांद्याएवढ्या उंचीवर मला आणि पाईपाला मिळून दोन वेढे दिले. मी तेव्हा करंगळीएवढी जाड होते.

संघमित्राताई दारात उभ्या होत्या. "दौलतदादा, सूत नाहीतर सुतळी घ्या. ती कुजते."

"कुजणारी वस्तू बांधायचीच कशाला, मित्राबाय?" काका म्हणाले. "ही गाठ फणीतून जायची, पण सुटायची नाय. आता वादळ येऊ दे नायतर वादळाचा बाप."

ताई हसल्या आणि आत गेल्या. काका धाग्याचे टोक दातांनी तोडून म्हणाले, "झाला काम."

काम झाले ते खरेच होते. त्यानंतर काकांनी त्या जागी पुन्हा हात लावला नाही. लावायचे कारणच नव्हते. गाठ सुटणारी नव्हती.

पहिले वर्ष मला काहीच जाणवले नाही. वेढा सैल होता. वाऱ्यात मी त्यात थोडी हलायचे. दुसऱ्या पावसाळ्यात धागा सालीला टेकला. ते दुखणे नव्हते. कोणीतरी मागून येऊन खांद्यावर बोट ठेवावे आणि काढू नये, तसे होते. वरच्या पानांना काही कळले नाही. त्या वर्षी मी चांगली वाढले. मित्रांनो, गंमत पाहा. जितकी मी जोमाने वाढत होते, तितकी मीच स्वतःला त्या धाग्यात दाबत होते. धागा केसभरही सरकला नव्हता.

माझ्या खोडात दोन वाटा आहेत. आतल्या लाकडातून पाणी मुळांकडून वर जाते. सालीच्या आतल्या थरातून पानांनी बनवलेली साखर खाली मुळांकडे येते. धागा आधी साल कापतो. म्हणजे वर जाणारे पाणी चालू राहते, पानांना काही कमी पडत नाही, बाहेरून सगळे हिरवे दिसते. फक्त खालची मुळे उपाशी राहतात. मुळे दिसत नाहीत, म्हणून त्यांची उपासमारही दिसत नाही.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर धागा पूर्ण आत गेला. त्यावर सालीची कड फुगून आली आणि तिच्यावर नेच्यांची पाने पसरली. माझी साखर त्या कडेशी येऊन थांबू लागली. खाली वाट नव्हती. ती वरच साठत गेली. आणि साखर साठली की वेल काय करते, ते माझ्या इच्छेवर नसते.

त्या माघात मला कळ्या आल्या.

एक-दोन नव्हे. पाईपभर, कौलांपर्यंत, गिरणीच्या भिंतीवर लोंबणाऱ्या फांद्यांना झुपकेच्या झुपके. बारा-तेरा वर्षांत एक कळी न आलेली वेल, चाळीस मिनिटांच्या उन्हात. पहिले फूल उमलले त्या पहाटे सुभद्राकाकू पाणी भरायला आल्या होत्या. त्यांनी हंडा खाली ठेवला, डोळे मिटले आणि तशाच उभ्या राहिल्या. नळ वाहत राहिला.

"ओ, ऐकलात काय?" त्यांनी वर हाक मारली. "खाली येवा. आवस आयली."

मित्रांनो, त्या पंधरा दिवसांत माझे जेवढे कौतुक झाले तेवढे आयुष्यात झाले नव्हते. पहिल्या मजल्यावरच्या मालनआजी नातवंडांना घेऊन आल्या. काकांचा मुलगा निलेश इंटरनेटच्या तारा ओढायचे काम करतो. त्याने माझा व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवला. शेजारच्या चाळीतले लोक फांदी मागायला आले. काका पायरीवर खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येकाला सांगत, "वादळात पडलेली. मी बांधली. साच्यावरची गाठ हा ती." वर जत्रा भरली होती आणि खाली उपास चालला होता. माझ्या मुळांची बारीक टोके एकेक करून काळी पडत होती. दर फुलाबरोबर मी माझी शेवटची शिल्लक खर्च करत होते, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता. संघमित्राताई भिंग घेऊन आल्या. त्यांनी फूल पाहिले नाही. जमिनीजवळचे खोड पाहिले, खालची दोन पिवळी पाने उलटून पाहिली आणि घड्याळ पाहिले.

"वहिनी, यंदा बुंध्यातून नवा कोंब एकही नाही आला."

"फुला बघ गो वरती," काकू म्हणाल्या.

"फुलंच बघून विचारतेय. एवढ्याशा उन्हात ही इतकी का फुलली? झाड कधी कधी घाबरूनही फुलतं."

काकूंचा हात अळूची पाने खुडता खुडता थांबला. "बारा वर्सां वाट बघितलंय मी. बारा वर्सांनी घरात हसू आयला, तर तू परीक्षा घेतंस. चांगला बघवत नाय काय तुका?"

मालनआजी मध्येच म्हणाल्या, "शिकलेल्या माणसाला फुलात पण रोग दिसतो."

बायका हसल्या. ताईंनी भिंग पदराने पुसले आणि त्या घरात गेल्या. पुढचे सहा आठवडे त्या माझ्याकडे आल्या नाहीत. खिडकीतून पाहायच्या, एवढेच. मला त्यांचा राग नाही. पण सांगायला हवे: त्या सहा आठवड्यांत माझे जे वाचवता आले असते, त्यातले निम्मे गेले.

चैत्रात फुले संपली. पंखांची फळे धरली नाहीत. फुलोऱ्यानंतर नवी पालवी यायला हवी होती. ती आली नाही. मग एका दुपारी वारा नसताना माझी पाने गळू लागली. आधी एक, मग मूठभर. धुण्याच्या दगडावर हिरवी पाने पडलेली पाहून काकूंनी ती वेचली आणि ओटीत घेऊन त्या संघमित्राताईंच्या दाराशी गेल्या. दार उघडेच होते.

"मित्रा," त्या म्हणाल्या, "मी बोललंय ता मनात ठेव नको. हिका काय झाला ता बघ."

ताई चप्पल न घालताच बाहेर आल्या. त्यांनी बुंध्यापासून बोटे वर न्यायला सुरुवात केली. दर वितीला थांबत, नेचे बाजूला सारत. खांद्याच्या उंचीवर त्यांची बोटे थांबली. तिथे माझे खोड वर लाटण्याएवढे जाड होते, खाली निम्मे. मध्ये एक खोल खाच. नखाने त्यांनी तिच्यातला मळ काढला. तळाशी काहीतरी चमकले.

"दौलतदादांना बोलवा."

काका आले. त्यांना जवळचे नीट दिसत नाही. ताईंनी काही समजावले नाही. त्यांनी काकांचे बोट धरले आणि खाचेत ठेवले.

मला ते बोट आठवते. त्याच्या टोकाला धाग्याने पडलेला जुना घट्टा आहे. ते बोट खाचेतून सरकत गेले, थांबले, पुन्हा मागे आले. मोहरीएवढा एक दाणा त्याखाली आला. काकांनी तो दोनदा चाचपला. साचेखात्यात ते अशाच बोटांनी अंधारात धागा ओळखायचे.

"माझीच हा," ते म्हणाले.

रस्त्यावर डंकाचा ठोका चालू होता.

"ही गाठ म्हणजे आमचा मोठेपणा," काका शेवटी म्हणाले. "तुझ्या बापाशीक कोणी शिकवूक नाय ती. शिवूकसुद्धा दिला नाय साच्याक."

"बरंच झालं," ताई म्हणाल्या. "शिकवली असती तर आज दोन वेली मेल्या असत्या."

काकांनी वर पाहिले. ताईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हते, पण रागही नव्हता. मग काकांनाच हसू आले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. ते खिशातून ब्लेड काढू लागले, तेव्हा ताईंनी त्यांचा हात धरला.

"आता कापून उपयोग नाही. खालची मुळं गेली आहेत. धागा ओढलात तर उरलेलं लाकूडही मोडेल. वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटली, तरच ही वाचेल. गुटी बांधून बघू. खरं म्हणजे पावसाळ्यात बांधतात. पण तितका वेळ हिच्याकडे नाही."

"आणि नाय फुटली तर?" काकूंनी विचारले.

ताईंनी पायांत चप्पल सरकवली आणि त्या शेवाळ आणायला निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी माझ्या बुंध्याशी नारळ ठेवला. गावाकडे झाडाला हत्यार लावण्याआधी गाऱ्हाणे घालतात. काका हात जोडून उभे राहिले. निलेश मागे होता, मालनआजी पायरीवर होत्या.

"बा म्हाराजा," काका म्हणाले, "ही वेल आमी पोरीसारखी वाढवली. हातांक कळला नाय, चूक घडली. ती पोटात घाल."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आणि जंय गळो आवळलो, थंयच हिका पाळां-मुळां फुटांदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

संघमित्राताई शेवाळाची पिशवी घेऊन बाजूला उभ्या होत्या. त्या बौद्ध आहेत, गाऱ्हाणे घालत नाहीत. पण दुसऱ्या वेळचा तो 'होय' त्यांच्या आवाजात जरा उशिरा आला, आणि काकूंनी वळून पाहिले नाही, एवढे शहाणपण त्यांच्यात होते.

मग ताईंनी काम केले. फुगलेल्या कडेच्या वर बोटभर रुंद साल गोल सोलली. तिथे मुळे फुटायची पावडर लावली, ओले शेवाळ दाबून बसवले, वरून प्लास्टिक गुंडाळले. वरच्या, बोटाएवढ्या जाड अशा दोन फांद्यांवरही तसेच केले. माझी पाऊण पाने छाटली. दर तिसऱ्या दिवशी त्या इंजेक्शनच्या सिरिंजने प्लास्टिकमध्ये थोडे थोडे पाणी सोडत आणि वहीत तारीख लिहीत.

चाळीस दिवस मी काहीही खाल्ले नाही असे म्हटले तरी चालेल. बुंध्यावर पांढरी भूछत्रे आली. खालून वर येणारे पाणी रोज थोडे कमी होत होते. पहिल्या फांदीवरचे शेवाळ सडले. दुसरी फांदी वाळली. तिसऱ्या पिशवीत, जिथे गळा आवळला होता त्याच्याच वर, पन्नासाव्या दिवशी एक पांढरे टोक प्लास्टिकला येऊन टेकले. तांदळाच्या दाण्याएवढे.

काकूंनी ते पाहिले आणि त्या दोन पावले मागे सरल्या. पिशवीला हातही लावला नाही. दृष्ट लागेल अशी भीती वाटली असावी.

श्रावणात काकांनीच करवत चालवली. खालचे खोड पोकळ निघाले. मला निळ्या ड्रममध्ये लावले आणि त्याच पाईपाशी ठेवले. म्हणून म्हटले, वयाने जुनी आणि अंगाने नवी.

ताईंनी काकांना एक नियम घालून दिला. बांधायचे ते सुतानेच. आणि दर रविवारी वेढ्यात बोट घालून पाहायचे. बोट सहज गेले तर ठीक. अडकले तर गाठ सोडून पुन्हा सैल बांधायची. काकांनी त्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा सुटणारी गाठ शिकून घेतली. ताईंकडून. रविवारी सकाळी ते यायचे, बोट घालायचे आणि मला सांगायचे, "जाता हा." एक वर्षभर एकही रविवार चुकला नाही.

आता घाईचे कारण.

चार आठवड्यांपूर्वी दौलतकाकांच्या छातीत दुखू लागले. ते परळला दवाखान्यात आहेत. सुभद्राकाकू दिवसभर त्यांच्याजवळ असतात आणि संध्याकाळी येऊन मला पाणी घालतात. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. त्या माझे पान चुरगळून वास घेतात आणि वर जातात. संघमित्राताई भाचीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेल्या आहेत. दिवाळीनंतर येणार.

दवाखान्यात जाताना काकांनी निलेशला बजावले होते, "वेलीकडे बघ रे."

निलेशने बघितले. तो भला मुलगा आहे. त्याला दिसले की सूत कुजून लोंबते आहे आणि वाऱ्यात मी डुलते आहे. त्याच्या कमरेच्या पिशवीत तारा बांधायच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. तो त्यांना टाय म्हणतो. एक टोक दुसऱ्याच्या खाचेतून जाते आणि करकर आवाज करत आवळते. पुढे सरकते. मागे येत नाही. त्याने मला आणि पाईपाला मिळून एक टाय लावली, उरलेले टोक कात्रीने कापले आणि फोटो काढून काकांना पाठवला. नंतर फोन लावला.

"बाबा, टेन्शन नका घेऊ. एकदम फिट केलंय. आता दहा वर्षं हलत नाही."

फोन स्पीकरवर होता. काकांचा आवाज बारीक आला. "फोटो बघलंय. बरा बांधलंस."

फोटोत बोट घालून बघता येत नाही, मित्रांनो.

निलेशचा मला राग नाही. हात जो धंदा शिकतात, त्याच धंद्याची गाठ मारतात. बापाच्या हातांनी साच्यावरची मारली, मुलाच्या हातांनी तारांवरची. दोघांनी प्रेमानेच मारली. मला आधार लागतो, हेही खरे आहे. आधाराशिवाय मी अळूत आडवी पडेन.

म्हणून माझे मागणे छोटे आहे. रोप असो, झाड असो, ज्याला तुम्ही बांधाल त्याच्याकडे परत या. फुले आली म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नका. वर पाहून झाले की खाली वाका, पाने बाजूला करा आणि बोट घालून बघा. बोट गेले नाही तर कोणाला तरी सांगा. एकदा सांगून ऐकले नाही तर दुसऱ्यांदा सांगा. आणि लालबागला गिरणीच्या काळ्या भिंतीमागे, निळ्या ड्रमापाशी तुमच्यापैकी कोणी आलेच, तर निलेशला हाक मारा. तो कात्री घेऊन लगेच येईल. त्याला फक्त ठाऊक नाही.

पुन्हा श्रावण लागला आहे. पाऊस चांगला आहे. या दिवसांत मी भराभर जाड होते. ते थांबवणे मला जमत नाही. दिवाळीला अजून अडीच महिने आहेत. टाय लावली त्या दिवशी तिच्यात काकांचे बोट गेले असते. मागच्या रविवारी गेले नसते.

आज अजून करंगळी जाईल एवढी जागा आहे.